घरचा परीक्षक

एकत्र कुटुंबांत पैशाची पेटी एकाच्या हातीं असते, परंतु ती उघडावयाची कीं नाहीं हें ठरविण्यास चार माणसें बसतात. धाकट्या भावास दुकान थाटावयाचें असो, पुतण्यास शिक्षणासाठीं परगांवीं पाठवावयाचें असो, किंवा माडीवर दोन खण वाढवावयाचे असोत. मागणारा आपलें म्हणणें मांडतो आणि वडील माणसें विचारतात, 'किती लागतील? कशाला लागतील? एवढे घातल्यावर घरास काय मिळेल?' हे प्रश्न ज्या घरांत मोकळेपणानें विचारले जातात तें घर टिकतें. ज्या घरांत ते भिडेनें गिळले जातात, त्या घराची पेटी लवकर रिकामी होते आणि प्रेमहि फार दिवस राहत नाहीं.

हाच व्यवहार विद्यापीठांतहि चालतो, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांस ठाऊक नसते. संशोधन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें काचेच्या नळ्या आणि रात्रीचा दिवस करणारा एखादा विद्वान उभा राहतो. पण त्या नळीच्या आधीं एक कागद असतो. 'मला अमुक प्रश्नाचा शोध करावयाचा आहे, तो अमुक रीतीनें करीन, त्यास इतकीं वर्षें व इतके रुपये लागतील,' असें त्या कागदावर लिहिलेलें असतें. यास संशोधन-प्रस्ताव म्हणतात. हा प्रस्ताव द्रव्य देणाऱ्या संस्थेकडे जाण्यापूर्वीं विद्यापीठांतील सहकारी विद्वानच तो वाचतात, त्यांतील दोष काढतात, आणि तो तसाच पाठवावा, सुधारून पाठवावा कीं ठेवून द्यावा, हें सांगतात. या घरगुती परीक्षेविषयीं आज आम्ही चार शब्द लिहिणार आहों. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे मुलगे, मुली व सुना आज महाविद्यालयांत आणि संशोधन-केंद्रांत काम करीत आहेत. त्यांच्या मुद्रेवरील चिंतेचा उगम कोठें असतो, हें घरच्या माणसांस कळलेलें बरें.

राहुरीची रीत

नगराहून मनमाडकडे जाणाऱ्या सडकेवर राहुरी लागतें. आमच्या जिल्ह्याचें सरकारी नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें, तरी लोकांच्या तोंडीं तें अजून नगरच आहे. या राहुरीस १९६८ सालीं महाराष्ट्र कृषि विद्यापीठ स्थापन झालें. पुढें १९६९ मध्यें अकोल्याचें आणि १९७२ मध्यें परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठें निराळीं झालीं, आणि राहुरीच्या विद्यापीठास महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. नंदुरबारपासून सोलापुरापर्यंत आणि नाशिकपासून कोल्हापुरापर्यंत पश्चिम महाराष्ट्राचे दहा जिल्हे त्याच्या कक्षेंत येतात. कोठें ऊंस, कोठें रब्बी ज्वारी, कोठें डाळिंब, कोठें भात. कोठें कृष्णाकांठची काळी, तर कोठें आमच्या पारनेर तालुक्यांतील मुरमाड माळ. जितक्या तऱ्हेची जमीन तितके प्रश्न. आणि प्रत्येक संशोधकास वाटतें कीं, आपला प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. त्यांत त्याचा दोष नाहीं. ज्यास तसें वाटत नाहीं त्यानें त्या प्रश्नाच्या वाटेस जाऊंच नये. परंतु पैसा सर्वांस पुरेल इतका कधींच नसतो, आणि म्हणून निवड करावी लागते.

ही निवड एकदम होत नाहीं. संशोधन-केंद्रावरील शास्त्रज्ञ आपला आराखडा तयार करतो. तो प्रथम विभागांत वाचला जातो. नंतर विद्यापीठाच्या संशोधन आढावा समितीपुढें येतो. त्याच पिकावर किंवा त्याच शास्त्रावर काम करणारीं माणसें तेथें बसलेलीं असतात. चालू कामाचा हिशेबहि तेथेंच द्यावा लागतो. याच्याहि वर, वर्षांतून एकदां राज्यांतील चारही कृषि विद्यापीठांचे शास्त्रज्ञ संयुक्त कृषि संशोधन व विकास समितीच्या बैठकीस जमतात. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून सर्व लोक तिला 'जॉइंट ॲग्रेस्को' म्हणतात. यजमानपण चार विद्यापीठांकडे आळीपाळीनें येतें. नवे वाण, नवीं अवजारें आणि शेतकऱ्यांस करावयाच्या शिफारशी तेथें मांडल्या जातात. कोणाची शिफारस मान्य होते, कोणास आणखी एक हंगाम प्रयोग करा असें सांगितलें जातें, कोणास आपला कागद परत घ्यावा लागतो. आधीं घरची परीक्षा, मग भाऊबंदांची परीक्षा, आणि या दोहोंतून पार पडल्यावर शेतकऱ्याच्या बांधावर जावयाचें, असा हा क्रम आहे.

बाहेरच्या संस्थेकडे द्रव्य मागावयाचें असलें म्हणजे घरची परीक्षा अधिकच महत्त्वाची होते. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान परिषदेकडे किंवा केंद्रसरकारच्या एखाद्या विज्ञानखात्याकडे जाणाऱ्या प्रस्तावावर विद्यापीठाची सही असते. ती सही म्हणजे 'हा मनुष्य आमचा आहे आणि हें काम त्याच्याकडून होईल असें आम्हांस वाटतें,' अशी हमीच होय. लग्नाच्या याद्यांवर सही करतांना आपण जितके सावध असतों, तितकेंच येथेंहि असावें लागतें.

वाचून नव्हे, सोडवून

परीक्षक काय पाहतो? पहिला प्रश्न असा कीं, विचारलेला प्रश्न खरा आहे काय, कीं शास्त्रज्ञाच्या हातीं एक यंत्र आलें आहे म्हणून तो शोधून काढला आहे? दुसरा, हें काम पूर्वीं कोणी केलें आहे काय, आणि केलें असल्यास पुन्हां करण्याचें कारण कोणतें? तिसरा, जी रीत सांगितली आहे तिनें या प्रश्नाचें उत्तर निघेल काय? चौथा, माणसें, जमीन आणि वेळ पुरेशीं आहेत काय? तीन वर्षांची योजना आणि पांच वर्षांनीं फळ धरणारें झाड, अशी जोडी कागदावर सहज बसते, बागेंत बसत नाहीं. पांचवा प्रश्न पैशाचा. त्यांत पगार, साहित्य, प्रवास, यंत्रें असे रकाने असतात. प्रयोगासाठीं संगणक हवा आहे, कीं संगणकासाठीं प्रयोग हवा आहे, हें त्या रकान्यांवरून अनुभवी डोळ्यास तेव्हांच कळतें.

आमच्या शाळेंत प्रश्नपत्रिका छापावयास जाण्यापूर्वीं ती दुसऱ्या शिक्षकानें सोडवून पाहावी असा प्रघात होता. वाचून नव्हे, सोडवून. वाचतांना गणित सुरळीत दिसे. सोडवूं लागलें म्हणजे कळे कीं त्रिकोणाची एक बाजू द्यावयाची राहिली आहे. ज्यानें प्रश्न काढला त्याच्या मनांत ती बाजू असते, म्हणून कागदावर ती नाहीं हें त्यास दिसत नाहीं. प्रस्तावाचेंहि असेंच आहे. चांगला परीक्षक तो नुसता वाचीत नाहीं. मनांतल्या मनांत तो प्रयोग पेरून, राखून, कापून पाहतो.

आमच्या परिचयाची एक तरुण संशोधिका एका संस्थेंत काम करते. खताच्या मात्रेविषयीं तिनें एक प्रस्ताव लिहिला. भाषा उत्तम, मागील ग्रंथांचा परामर्श भरपूर. तिच्याच विभागांतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यानें त्यावर लिहिलें, 'वाफ्यांची मांडणी मान्य नाहीं.' ती दोन दिवस घरीं कोणाशीं धड बोलली नाहीं. सासूबाईंनीं तर ठरवूनच टाकलें कीं, त्या गृहस्थांस सुनेचा उत्कर्ष पाहवत नाहीं. तिसऱ्या दिवशीं ती त्यांच्याकडे गेली. त्यांनीं तिला शेतावर नेलें. ज्या पट्ट्यांत तिनें अधिक मात्रेचे सर्व वाफे एका ओळीनें आंखले होते, त्याच्या कडेनें पाटाचें पाणी पाझरत असे. तेथें पीक जोमदार येणारच. आणि तीन वर्षांनीं तिनें जें खताचें यश म्हणून लिहिलें असतें, तें वास्तविक पाटाच्या ओलाव्याचें यश ठरलें असतें. तिनें मांडणी बदलली. प्रत्येक मात्रा ओलाव्याच्या वाफ्यांतहि आली आणि कोरड्या वाफ्यांतहि आली, आणि कोणता वाफा कोणाच्या वांट्यास जावा हें चिठ्ठ्या टाकून ठरविलें.

या साध्या दिसणाऱ्या युक्तीमागें मोठें शास्त्र आहे. इंग्लंडांत रोदॅमस्टेड येथील कृषि-संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर यांनीं १९१९ पासून शेतीच्या प्रयोगांचे आंकडे तपासून तें उभें केलें आणि १९३५ मध्यें प्रयोगांच्या मांडणीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एकच उपचार अनेक वाफ्यांत पुन्हां पुन्हां करावा, आणि वाफ्यांची वांटणी माणसाच्या मर्जीवर न सोडतां चिठ्ठीवर सोडावी, हें त्याचें सार. तें शास्त्र आपल्या देशांत रुजविणाऱ्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रणी होते. १९४० पासून त्यांनीं दिल्लीस कृषि-संशोधन परिषदेच्या सांख्यिकी विभागाची धुरा वाहिली आणि पुढें ते जागतिक अन्न व कृषि संघटनेंत गेले. आज कृषि-संशोधनाच्या परीक्षेंत संख्याशास्त्रज्ञाचें मत घेतात तें याचसाठीं. त्यास पिकाची माया नसते आणि माणसाचीहि नसते. तो फक्त विचारतो, 'तुलनेचा वाफा कोठें आहे?'

जुने दाखले

विद्वानानें विद्वानास पारखून मग द्रव्य द्यावें, ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली असें कोणी समजूं नये. राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त उज्जयिनीस कवींची आणि पाटलिपुत्रास शास्त्रकारांची परीक्षा होत असे असें सांगितलें असून, पाटलिपुत्रांत कसोटीस उतरलेल्यांत पाणिनि व पतंजलि यांचीं नांवें दिलीं आहेत. पेशवाईंत पुण्यास श्रावणमासीं दक्षिणा वांटली जाई. त्या वेळीं शास्त्रीपंडितांची विद्या पारखून त्यांस देणगी देण्याचा प्रघात होता. राज्य गेल्यावर इंग्रजांनीं त्या रकमेचा कांहीं भाग चालू ठेवला. त्यांतूनच १८२१ सालीं पुण्याची पाठशाळा निघाली, आणि १८५१ सालीं दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन होऊन मराठी ग्रंथांची परीक्षा करून पारितोषिकें देण्यास आरंभ झाला. इकडे हें चाललें असतांना तिकडे लंडनची रॉयल सोसायटीहि हाच मार्ग चोखाळीत होती. तिनें १७५२ सालीं निबंध तपासण्यासाठीं समिति नेमली होती; आणि १८५० पासून ब्रिटिश सरकार शास्त्रीय कामासाठीं प्रतिवर्षीं एक हजार पौंड तिच्या हातीं देऊं लागलें, ते कोणास द्यावेत हें शास्त्रज्ञांनींच ठरवावें म्हणून.

परंतु अशा परीक्षेंत कोणता धोका असतो हें पाहावयाचें असेल, तर आम्ही वाचकांस कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'चा पहिला अंक पुन्हां काढावयास सांगूं. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, हा वाद अग्निमित्र राजापुढें येतो. दोघेहि राजाश्रयावर जगणारे. एकास राणी धारिणीचा आधार, दुसऱ्यास खुद्द राजाचा. राजा म्हणतो, मीं एकट्यानें निवाडा दिला तर राणीस तो पक्षपात वाटेल, म्हणून तिच्या समक्ष पंडिता कौशिकीनें परीक्षा करावी. येथवर सर्व कसें न्यायास धरून आहे! कौशिकी तर असेंहि सुचविते कीं, नुसत्या वादविवादानें काय होणार, दोघांनीं आपापल्या शिष्येचा प्रयोग दाखवावा. पण पडद्यामागें काय आहे? हें भांडणच विदूषकानें लावून दिलेलें असतें, कारण राजास मालविका दृष्टीस पडावयास हवी असते. आणि जिला निःपक्षपाती म्हणून आसनावर बसविलें, त्या कौशिकीस मालविका कोण हें आधींपासून ठाऊक असतें, तें ती उघड करीत नाहीं. रीत निर्दोष, परीक्षक विदुषी, निकालहि कदाचित् बरोबर. परंतु परीक्षा करविणाऱ्याचा हेतु आणि परीक्षकाचें नातें हीं दोन्ही झांकलेलीं. राणीस मात्र हें सर्व खटकत असतें. आमच्या मतें त्या सभेंत खऱ्या परीक्षकाची दृष्टि धारिणीचीच होती.

भीड आणि असूया

विद्यापीठांतील घरच्या परीक्षेस दोन रोग जडतात. पहिला भिडेचा. ज्याचा कागद आपण तपासणार, तो उद्यां आपला कागद तपासणार असतो. त्याच्याबरोबर आपण रोज चहा घेतों. त्याच्या मुलीच्या लग्नांत आपण पंक्तीस वाढलेलें असतें. मग लेखणी अडखळते. 'उत्तम प्रस्ताव, शिफारस करतों,' एवढें लिहून मनुष्य मोकळा होतो. आमच्या ऐकण्यांत असें एक उदाहरण आहे. एका संस्थेंतील वयोवृद्ध प्राध्यापकांचा प्रस्ताव सदोष आहे हें समितींतील पांचहि जणांस दिसत होतें. परंतु ते निवृत्तीस आले आहेत, त्यांचें मन कां मोडा, असें म्हणून पांचहि जणांनीं होकार दिला. बाहेरच्या परीक्षकानें दोन ओळींत तो परत पाठविला. पांच सहकाऱ्यांनीं खासगींत सांगितलें असतें तर जो दोष चार भिंतींच्या आंत राहिला असता, तो सरकारी कागदावर चढला. भीड भिकेची बहीण, असें आपल्या आज्या म्हणत. द्रव्य मागण्याच्या कामांत तर ती सख्खी बहीण ठरते.

दुसरा रोग असूयेचा. दुसऱ्याचा प्रस्ताव आपल्या क्षेत्रांत शिरतो, किंवा आपणांस न सुचलेली कल्पना एखाद्या तरुणास सुचते. मग दोष शोधून काढण्याची बुद्धि अकस्मात् तीक्ष्ण होते. भीड आणि असूया या दोन निरनिराळ्या वस्तु दिसतात खऱ्या, पण दोहोंचें मूळ एकच. दोहोंत परीक्षकाचा डोळा कागदावर नसून माणसावर असतो.

हा दोष आमच्याच देशाचा आहे असें नाहीं. स्वीडन देशांत ख्रिस्तीन वेन्नेरास व आग्नेस वोल्ड या दोन विदुषींनीं तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेनें शिष्यवृत्त्या देतांना परीक्षकांनीं केलेले शेरे न्यायालयामार्फत मिळविले आणि त्यांचा हिशेब १९९७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत असें निघालें कीं, पुरुष उमेदवारांइतकेच गुण मिळावयास स्त्री उमेदवाराचें काम सुमारें अडीच पट असावें लागे. आणि समितींतील एखाद्या सभासदाशीं ज्याचा संबंध असे त्यास अधिक गुण मिळत. यांतील चमत्कार असा कीं, संबंधित सभासदास स्वतः गुण देण्याची मनाई होती. तो बाहेर बसे. पण त्याचे मित्र आंत असत! ज्या घरांतील मुली आज डॉक्टर आणि शास्त्रज्ञ होत आहेत, त्या घरांनीं ही हकीकत अवश्य ध्यानांत ठेवावी.

अमेरिकेंतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे आलेले दीडशें प्रस्ताव दुसऱ्या परीक्षकांकडून पुन्हां तपासून घेऊन तेथील समाजशास्त्रज्ञांनीं १९८१ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, प्रस्तावाचें भवितव्य सुमारें निम्में त्याच्या व त्याच्या कर्त्याच्या गुणांवर आणि सुमारें निम्में परीक्षक कोण मिळतो या नशिबावर अवलंबून असतें. यावरून कोणी 'मग परीक्षा हवीच कशाला?' असें म्हणूं नये. शाळेंतील निबंधाचे गुणहि दोन शिक्षक सारखे देत नाहींत. म्हणून आपण निबंध बंद करीत नाहीं, तर तो दोघांकडून तपासून घेतों. नशिबाचा भाग जर बाहेर इतका मोठा आहे, तर घरांतून निघतांना तरी प्रस्तावांत काढतां येण्यासारखा दोष राहूं नये, एवढाच याचा बोध.

अलीकडे महाविद्यालयांत आणखी एक रीत आली आहे. नव्या अध्यापकास संशोधन सुरू करतां यावें म्हणून संस्था आपल्याच गंगाजळींतून लहानशी रक्कम देते. तिला बीजनिधि म्हणतात. महाविद्यालयांचें मूल्यमापन करणारी 'नॅक' नांवाची परिषद असा निधि दिला जातो काय हें पाहते, त्यामुळें त्याचा प्रसार झाला. हेतु उत्तम आहे. परंतु कित्येक ठिकाणीं कोणाचें मन दुखवूं नये म्हणून ती रक्कम सर्वांस सारखी वांटण्याकडे कल असतो. प्रसाद सर्वांस सारखा वांटावा हें योग्यच. बियाणें मात्र जमीन पाहूनच टाकावें लागतें. मूठ मूठ सर्वत्र फेकलें तर कोठेंच कणीस भरत नाहीं.

यांत कोणाचें काय जातें?

एखादा म्हणेल, प्रस्ताव चुकीचा मान्य झाला तर कांहीं लाख रुपये वायां जातील. सरकारचा पैसा, त्यांत एवढें काय? परंतु पैशापेक्षां मोठी वस्तु वायां जाते, ती म्हणजे काळ. सातारा जिल्ह्यांत पाडेगांव येथें १९३२ पासून उसाचें संशोधन केंद्र आहे. तें आज राहुरीच्या विद्यापीठाकडे आहे. आज आमच्या जिल्ह्यांतील ऊंस-बागाईतदारांच्या तोंडीं असलेली 'को ८६०३२' ही जात मूळ कोइमतूरची. तिच्या नांवांतील ८६ हा आंकडा १९८६ सालाचा. ती आपल्याकडे पारखून 'नीरा' या नांवानें महाराष्ट्रासाठीं शिफारस होण्यास १९९६ साल उजाडलें. उत्तम बेणें ओळखावयास दहा वर्षें लागतात. चुकीच्या मांडणीवर तीन वर्षें घालविलीं, तर तीं त्या दहांत मिळवावीं लागतात, आणि तेवढे हंगाम शेतकरी जुन्याच बेण्यावर काढतो.

उलट, योग्य प्रस्ताव भिडेमुळें किंवा असूयेमुळें दडपला गेला तर होणारी हानि कोणाच्या हिशेबांतच येत नाहीं. १९२९ सालीं इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च स्थापन झालें, तेंच पुढें भारतीय कृषि अनुसंधान परिषद झालें. त्याच्या द्रव्यसाहाय्यानें १९३३ सालीं सोलापुरास कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची योजना निघाली. त्या काळीं शेतीचें संशोधन म्हणजे ऊंस, कापूस, गहूं. अवर्षणग्रस्त ज्वारीच्या रानावर पैसा घालण्यांत काय अर्थ आहे, असें कोणी म्हणून ती योजना बाजूस सारली असती, तर तें फारसें कोणास खटकलें नसतें. परंतु ती मान्य झाली. आणि बांध घालून पाणी मुरविणें, नांगरट, शेणखत, विरळ पेरणी व वरचेवर कोळपणी यांचा पद्धतशीर अभ्यास तेथें झाला. तिचे प्रमुख कानिटकर यांनीं भारतांतील कोरडवाहू शेतीवर लिहिलेला ग्रंथ १९४४ सालीं बाहेर पडला. आमच्या कर्जत-जामखेडकडील ज्या शेतकऱ्याचें सगळें वर्ष परतीच्या चार सरींवर अवलंबून असतें, त्याच्यासाठीं असा एक प्रस्ताव मान्य होणें किंवा न होणें ही कागदी गोष्ट नसते.

कांहीं नियम

सर्व विचार करितां, घरच्या परीक्षेसाठीं आम्हांस पुढील नियम हितावह वाटतात.

परीक्षकानें आपलें मत लिहून द्यावें, आणि त्याखालीं कारण लिहावें. 'मान्य नाहीं' हें मत नव्हे. वाफे पाटाकडेस आहेत, म्हणून मान्य नाहीं, त्यांची मांडणी अशी बदला, हें मत. वर सांगितलेल्या सहकाऱ्यानें शेतावर नेऊन जें दाखविलें, तें प्रथमच दोन ओळींत लिहिलें असतें तर तिचे दोन दिवस व सासूबाईंचा संताप हीं दोन्ही वांचलीं असतीं.

ज्याचें नातें, स्नेह किंवा वैर आहे त्यानें आधींच तें सांगावें आणि त्या वेळेपुरतें उठून जावें. तेवढ्यानें सर्व भागत नाहीं हें स्वीडनच्या उदाहरणावरून दिसतेंच. म्हणून प्रत्येक समितींत दुसऱ्या विभागाचा किंवा दुसऱ्या विद्यापीठाचा एक तरी मनुष्य असावा. चार विद्यापीठांचें संमेलन भरतें त्यांत हाच मोठा गुण आहे.

परीक्षकाच्या हातीं आलेली कल्पना ही ठेव आहे. ती बाहेर बोलणें किंवा आपल्या प्रस्तावांत वापरणें हा ठेवीचा अपहार होय. यापेक्षां सौम्य शब्द आम्हांस सुचत नाहीं.

तीन वर्षांनीं, काम पुरें झाल्यावर, समितीनें आपलेच जुने शेरे काढून पाहावे. ज्यांस आपण उत्तम म्हटलें त्यांतून काय निघालें, आणि ज्यांस नाकारलें त्यांनीं इतरत्र काय केलें? परीक्षकाची परीक्षा या एकाच रीतीनें होते.

प्रस्ताव लिहिणारानें प्रत्येक आक्षेपास उत्तर द्यावें. पटल्यास दुरुस्ती करावी, न पटल्यास कां पटत नाहीं तें लिहावें. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धांत सांगण्याची पद्धति नाहीं. जो ग्रंथकार प्रतिपक्षाचा आक्षेप स्वतःहून बळकट करून मांडतो, त्याचा सिद्धांत हजार वर्षें टिकतो. घरचा परीक्षक हा आपला पूर्वपक्ष होय. तो दुबळा असला तर सिद्धांतहि दुबळाच राहावयाचा.

आणि शेवटीं दोन शब्द घरच्या मंडळींस. मुलगा, मुलगी किंवा सून आपला प्रस्ताव परत आला म्हणून खिन्न होऊन आली, तर 'त्यांस तुझें बरें पाहवत नाहीं' असें म्हणून तिची समजूत घालण्याचा मोह फार होतो. तो आवरावा. त्याऐवजीं विचारावें, 'त्यांनीं काय लिहिलें आहे? त्यांतलें खरें किती?' पक्षपात झाला असेल तर तिनें तो धीटपणें मांडावा आणि घरानें तिच्या पाठीशीं उभें राहावें. परंतु दोष खरा असेल, तर तो दाखविणारा मनुष्य तिच्या कामाचा पहिला हितकर्ता आहे, हेंहि घरानेंच तिला सांगावें. परक्यानें दोष काढला तर तो निकाल ठरतो. आपल्या माणसानें वेळेवर काढला तर ती दुरुस्ती ठरते. संशोधनाचा पैसा सरकारी असो कीं संस्थेचा, तो अखेर ज्याच्या कराच्या चार आण्यांतून येतो, त्या शेतकऱ्यास आपल्या बांधावर दुरुस्त झालेली गोष्ट मिळाली पाहिजे.